आधी दफनभूमी, मग सिनेगॉग

लांबच्या परक्या मुलखात जाऊन पडलेली चार-सहा ज्यू कुटुंबे आपला धर्म तिथे कसा रुजवतात, असे कुणी विचारले की आपल्या डोळ्यांसमोर आधी एखादी देखणी इमारत उभी राहते. प्रत्यक्षात इमारत ही या कामातली जवळजवळ शेवटची पायरी असते. टास्मानिया बेटावरच्या होबार्ट गावात ज्यूंना दफनासाठी जमीन मिळाली १८२८ मध्ये, आणि तिथल्या सिनेगॉगचे दार उघडले १८४५ मध्ये. मधल्या सतरा वर्षांत काय काय जमवावे लागले आणि कुठे कुठे गाडे अडले, ते आपण क्रमाने पाहू. होबार्टच्या जोडीला सिडनी आणि न्यूझीलंडही अधूनमधून येईल, कारण या सगळ्या वसाहती एकमेकींच्या आधारानेच चालत होत्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनने १७८८ मध्ये सिडनीला आणि १८०४ मध्ये होबार्टला कैद्यांच्या वसाहती वसवल्या. इंग्रजांनी आपल्याकडच्या कैद्यांना अंदमानात धाडले, तसे स्वतःच्या गुन्हेगारांसाठी शोधलेले हे काळे पाणी. १७८८ च्या पहिल्याच ताफ्यात काही ज्यू कैदी होते. त्यांतली एस्थर अब्राहम्स ही तरुणी लंडनमध्ये लेस चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा घेऊन, कडेवर तान्ही मुलगी घेऊन आली होती. स्वखुशीने येणारे ज्यू व्यापारी दिसू लागले ते १८२० च्या दशकाच्या शेवटी. म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांतले पुष्कळसे लोक शिक्षा भोगत असलेले किंवा भोगून सुटलेले होते. धर्मग्रंथांचा व्यासंग असलेला माणूस त्यांच्यात विरळाच.

पहिली पायरी माणसे मोजण्याची. ज्यू धर्मात एकट्याने प्रार्थना करता येते, पण काही गोष्टी समूहाशिवाय होतच नाहीत. तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, पोथीतून विधिपूर्वक वाचणे आणि मृतांसाठी ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणणे त्यांत येते. त्यासाठी तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हजर लागतात. या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. आज काही सुधारक शाखा स्त्रियांनाही त्यात धरतात. त्या काळी तसे नव्हते.

इथे नेहमी होणारी गफलत म्हणजे कागदावरचे दहा आणि प्रत्यक्ष येणारे दहा यांत फरक न करणे. कैदी मालकाकडे कामाला लावलेला असे, कधी शहरापासून दोन-तीन दिवसांच्या वाटेवरच्या शेतावर. त्याला सुट्टी द्यायची की नाही, हे मालक ठरवी. मोकळा व्यापारी माल घेऊन आडगावी गेलेला. कुणी नाव बदलून बसलेला, कुणाला आपण ज्यू आहोत हे कळूच द्यायचे नव्हते. म्हणून गावात पन्नास ज्यू असले तरी शुक्रवारी संध्याकाळी आठच जण जमत, आणि नवव्या-दहाव्याची वाट पाहत बसण्यात वेळ जाई.

यावर सगळीकडे एकच तोड निघाली. रोजचा आणि दर आठवड्याचा हट्ट सोडायचा आणि वर्षातून एकदा तरी जमायचे, ते शरदातल्या मोठ्या सणांना. रोश हशाना म्हणजे नवे वर्ष, ज्याला कोकणातले बेने इस्राएल हे ज्यू नव्याचा सण म्हणत. आणि किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, त्यांचा दरफाळनीचा सण. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया वसाहतीतल्या बॅलरॅट या सोन्याच्या खाणींच्या गावात १८५३ च्या किप्पूरला ज्यू जमले ते क्लॅरेन्डन नावाच्या हॉटेलात. वर्षभर धर्माकडे न फिरकणारा माणूसही त्या दिवशी येतो, हे जमवणाऱ्यांना पक्के माहीत होते. माझ्या मते अशा प्रत्येक वसाहतीचा खरा आरंभ या एका दिवसाच्या जमण्यात आहे, पुढच्या घटना आणि नियमावल्यांत नाही.

दुसरी पायरी, दफनभूमी. प्रार्थना पुढे ढकलता येते, मृत्यू ढकलता येत नाही. ज्यू रिवाजाप्रमाणे मृताला शक्य तितक्या लवकर, बहुधा चोवीस तासांच्या आत पुरायचे असते. अंगाला स्नान घालायचे, साधे पांढरे कापड नेसवायचे, श्रीमंत-गरीब असा भेद त्यात ठेवायचा नाही. दहन चालत नाही. आणि एकदा पुरलेली जागा कायमची त्या मृताची. काही वर्षांनी तीच कबर उकरून दुसऱ्याला देता येत नाही. हे सगळे पाहणारी मंडळी म्हणजे ‘हेव्रा कद्दिशा’, अंत्यविधीची सेवाभावी सभा.

सिडनीत १८१७ च्या सुमारास वीसेक ज्यूंनी वर्गणी काढून अशी सभा स्थापली. सिनेगॉगचा तेव्हा पत्ताही नव्हता. विल्यम काउपर या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने ख्रिस्ती दफनभूमीचा एक कोपरा त्यांना दिला. जोसेफ मार्कस नावाच्या कैद्याला थोडेफार हिब्रू येत होते, तोच मयताच्या प्रार्थना म्हणे. होबार्टला १८२८ मध्ये बर्नार्ड वॉल्फर्ड या एकेकाळच्या कैद्याने लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थरकडे अर्ज केला आणि जमीन मिळवली. त्याच साली याच आर्थरने बेटावरच्या मूळ रहिवाशांविरुद्ध मार्शल लॉ पुकारला होता, हेही इथे सांगायला हवे. अर्जावर वाटली जाणारी जमीन कुणाची होती, हा प्रश्न तेव्हा ना गव्हर्नरने विचारला ना अर्जदाराने.

या पायरीवर कुठे चुकते? जमीन ‘मिळाली’ एवढ्यावर समाधान मानण्यात. मालकी कुणाची, विश्वस्त कोण, सरकारला ती परत घेता येते का, हे पहिल्याच दिवशी लेखी नसेल तर पुढे पस्तावायची वेळ येते. सिडनीच्या डेव्हनशायर स्ट्रीट दफनभूमीत ज्यूंना स्वतंत्र भाग मिळाला होता. १९०१ मध्ये सरकारने ती संपूर्ण दफनभूमीच रेल्वेसाठी ताब्यात घेतली आणि सगळ्या पंथांच्या कबरी हलवाव्या लागल्या. आज तिथे सेंट्रल रेल्वे स्टेशन आहे. कबर हलवायची नाही असा ज्यांचा धर्म सांगतो, त्यांना ती हलवावी लागली.

तिसरी पायरी पंचांगाची. ही मराठी वाचकाला समजायला सगळ्यांत सोपी आहे. ज्यूंचे महिने आपल्यासारखेच चंद्राचे आणि वर्ष सूर्याशी जुळवलेले. त्यामुळे त्यांनाही अधिक मास घालावा लागतो: एकोणीस वर्षांत सात वेळा. आपला अधिक महिना वेगवेगळ्या महिन्यांना जोडून येऊ शकतो. त्यांचा नेहमी अदार महिन्याशी जोडून येतो. हे गणित ठरलेले असल्यामुळे ज्याच्याजवळ छापील पंचांग आहे, त्याला तिथी चुकण्याचे कारण नाही. पण पंचांग लंडनहून जहाजाने यायचे आणि शिडाच्या जहाजाला चार-पाच महिने लागायचे. वेळेवर मागवले नाही तर सण कधी, हे विचारायलाही जवळ कुणी नसे.

तिथी कळली तरी वेळ कळत नाही. शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा शनिवार. तो शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो. लंडनच्या पंचांगातली सूर्यास्ताची कोष्टके दक्षिण गोलार्धात अगदी उलटी पडतात. होबार्टला डिसेंबरात सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये पावणेपाचच्या आत. ज्याने आंधळेपणाने लंडनचा तक्ता पाळला, तो भर उन्हाळ्यात दुपारीच दिवे लावून बसणार आणि हिवाळ्यात शब्बाथ लागून गेल्यावर जागा होणार. उपाय साधा: स्वतः आकाशाकडे बघून नवे कोष्टक बनवायचे.

ऋतूंचा घोळ याहून मोठा. पेसाह हा इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेचा सण वसंतात यावा म्हणूनच तो अधिक मासाचा खटाटोप असतो. होबार्टला तो पानगळीत येतो. त्याला इलाज नाही, कारण सण यरुशलेमच्या ऋतूंवर बांधलेले आहेत. पण प्रार्थनेत हिवाळ्याच्या महिन्यांत पाऊस मागायचा असतो, त्याचे काय? आपल्याकडे उन्हाळा असताना पाऊस मागायचा का? हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या दोनशे वर्षे आधी ब्राझीलच्या रेसिफे बंदरातल्या ज्यूंना पडला होता. १६३० च्या दशकात तिथे डचांचे राज्य असताना त्यांनी तो थेट सालोनिकाच्या हाइम शब्बेताय या धर्मपंडितांना लिहून विचारला. अमेरिका खंडातून धर्मपंडितांना गेलेला हा पहिला धर्मप्रश्न मानतात. अशा चर्चांतून पुढे जी रीत पडली ती अशी: समूहाच्या प्रार्थनेचा क्रम सगळीकडे सारखा ठेवावा, आणि आपल्या मुलखाला पाऊस हवा असेल तर तो वैयक्तिक मागणीच्या जागी मागावा.

तोंड कुठे करायचे, हेही बदलते. प्रार्थना यरुशलेमकडे तोंड करून म्हणतात. लंडनमध्ये ती दिशा पूर्व-आग्नेय. सिडनी-होबार्टहून पश्चिमेकडे झुकलेली वायव्य. लंडनहून आलेला माणूस सवयीने पूर्वेला वळला तर तो प्रशांत महासागराकडे तोंड करून उभा राही. मुंबईच्या सिनेगॉगमध्ये पोथ्यांचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला असते, त्याचेही कारण हेच.

चौथी पायरी पोटाची. चालणारे मांस म्हणजे दुभंगलेल्या खुराच्या आणि रवंथ करणाऱ्या जनावराचे, आणि तेही प्रशिक्षित माणसाने ठरलेल्या पद्धतीने कापलेले. या माणसाला ‘शोहेत’ म्हणतात. त्याच्या सुरीला नखभरही खाच चालत नाही. तो कापण्याआधी आणि नंतर धार नखावर तपासतो. जनावराचे फुप्फुस पाहून ते निरोगी होते की नाही ठरवतो. मागच्या पायातली एक शीर काढावी लागते आणि ते काम इतके नाजूक, की बहुतेक ठिकाणी मागचा अर्धा भाग सरळ इतरांना विकून टाकतात.

आता वसाहतीतला सरकारी शिधा पाहा. खारवलेले गोमांस आणि खारवलेले डुकराचे मांस. कैद्याला निवड नव्हती. उपाशी राहायचे नसेल तर पुढे येईल ते खायचे. सुटलेल्या आणि स्वखुशीने आलेल्या कुटुंबांपुढे दुसरी अडचण. मेंढरे-गुरे मुबलक, पण एका बैलाचे मांस खायला पाच-सात घरे अपुरी, आणि उरलेले विकायला गावातला खाटीक तयार हवा. शोहेत महिन्यातून चार जनावरे कापून जगू शकत नाही. म्हणून लहान वस्तीत शोहेत हा कधीच नुसता शोहेत नसतो. प्रार्थना सांगणारा हझान, सुंता करणारा मोहेल, पोरांना हिब्रू शिकवणारा मास्तर, सगळे तोच. अब्राहम हॉर्ट हे लंडनचे व्यापारी १८४३ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला कुटुंबासह उतरले, तेव्हा डेव्हिड आयझॅक्स या मोहेल आणि शोहेताची सोय करूनच आले होते. ७ जानेवारी १८४३ च्या शनिवारी तिथे पहिली सामूहिक प्रार्थना झाली. अशी तयारी करून येणारे हॉर्ट अपवादात्मक. बहुतेक लोक आधी दुकान मांडत आणि मग शोहेताची जाहिरात देत.

शनिवार पाळणे हाही शेवटी पोटाचाच प्रश्न. कोकणात बेने इस्राएल तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. खेड्यातल्या व्यवस्थेने त्यांची सुट्टी पचवली. इंग्रजी वसाहतीत तसे झाले नाही. शनिवार हा मजुरी हातात पडलेल्या गिऱ्हाइकांचा, भर विक्रीचा दिवस. रविवारी दुकान उघडणे ख्रिस्ती रिवाजाला मंजूर नाही. दोन्ही दिवस बंद ठेवणाऱ्याला पाच दिवसांच्या कमाईवर सात दिवस काढायचे. पुष्कळांनी शनिवारी दुकान उघडे ठेवले आणि सणाला मात्र न चुकता हजर राहिले. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. दुकानाचे भाडे भरायचे असते तेव्हा कळते.

पाचवी पायरी, सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी. छापील पुस्तक घरी वाचायला चालते, समूहवाचनाला चालत नाही. चामड्यावर, पिसाच्या लेखणीने, प्रशिक्षित लेखनिकाने लिहिलेली गुंडाळीच लागते. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि एक जरी चुकले किंवा पुसले तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचायला घेत नाहीत. लिहायला साधारण वर्ष लागते, किंमतही तशीच. सिडनीकरांनी वर्गणी करून ती विकत घेतली.

गुंडाळी आली की काम झाले, असे वाटते. खरी अडचण पुढेच. तिच्यात स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात, आणि वाचायचे असते ठरलेल्या चालीवर. पुस्तकातून घोकून आल्याशिवाय कुणालाही ते जमत नाही. वस्तीत असा एकच माणूस असेल आणि तो आजारी पडला किंवा गाव सोडून गेला, तर कपाटात पोथी असूनही वाचन बंद. शिवाय समुद्रकाठची दमट हवा शाईला चांगली नाही. गुंडाळी न उघडता ठेवून देणे म्हणजे ती जपणे, असा समज असतो. तो चुकीचा. ती मधूनमधून उघडून, हवा देऊन, पुढे-मागे गुंडाळत राहावे लागते.

सहावी पायरी लग्नाची, आणि इथे सगळ्यांत जास्त घरे मोडली. ज्यू लग्नाला रब्बाय म्हणजे धर्मपंडित असलाच पाहिजे असे नाही. ‘केतुबा’ हा विवाहाचा करारलेख, अंगठी, नात्याबाहेरचे दोन ज्यू साक्षीदार आणि विधी जाणणारा कुणीही माणूस एवढे पुरते. न्यूझीलंडच्या कोरोरारेका बंदरात ३१ ऑक्टोबर १८४१ रोजी डेव्हिड नाथन आणि रोझेटा एरन्स यांचे लग्न झाले. त्या देशातले ते पहिले ज्यू लग्न मानले जाते. तेव्हा तिथे ना सिनेगॉग होते ना रब्बाय.

पण ब्रिटिश साम्राज्यातल्या ज्यूंनी लंडनच्या प्रमुख रब्बायची संमती घ्यावी, असा दंडक हळूहळू पक्का झाला. फिलिप जोसेफ कोहेन १८२८ मध्ये सिडनीला आले ते प्रमुख रब्बाय सॉलोमन हर्शेल यांचे, लग्ने लावण्याची मुभा देणारे पत्र घेऊन. त्यांच्याच घरी प्रार्थना भरू लागली. पत्रामागे मोठी व्यावहारिक गरज होती. वधू-वर खरोखर ज्यू आहेत का, आधीचे लग्न शिल्लक आहे का, हे कुणीतरी तपासायला हवे. आणि ज्या वस्तीतले पुष्कळ लोक इंग्लंडात बायको ठेवून आलेले, तिथे तर फारच. ज्यू रीतीचा घटस्फोट नवऱ्याने ‘गेट’ नावाचा लेख दिल्याखेरीज होत नाही. नवरा सिडनीत आणि बायको लंडनमध्ये असेल, तर ती अडकून पडली. १८३० च्या सुमारास लंडनच्या धर्मपीठाचे एरन लेव्ही इतका प्रवास करून सिडनीला आले, त्याचे कारण असाच एक घटस्फोट होता. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर उतरलेले ते पहिले रब्बाय. आले एका बाईची सुटका करायला, आणि जाता जाता त्यांनी सिडनीकरांची भांडणेही मिटवली.

मूळ दुखणे मात्र कुठल्या पत्राने बरे होणारे नव्हते. पुरुष पुष्कळ, ज्यू मुली मूठभर. तरुणाने ख्रिस्ती मुलीशी लग्न करायचे ठरवले आणि ती धर्मांतराला तयार असली, तरी स्थानिक मंडळींना ते करण्याचा अधिकार नव्हता. लंडनला लिहा, उत्तराची वाट पाहा. पत्र जाऊन उत्तर यायला आठ-दहा महिने. तोवर पाळणा हललेला असे. ज्यू धर्मात मूल आईच्या बाजूने मोजतात, त्यामुळे असे मूल मिन्यानच्या हिशेबातून कायमचे वजा. होबार्टला तर सिनेगॉगला जमीन देणाऱ्या ज्यूडा सॉलोमनचाच संसार असा दुहेरी होता. जन्मठेपेवर आलेला हा माणूस व्यापारात गब्बर झाला. त्याची बायको एस्थर इंग्लंडहून शोधत आली, तेव्हा त्याच्या घरात एलिझाबेथ हॉवेल ही दुसरी, ज्यू नसलेली बाई नांदत होती.

सातवी पायरी मंडळाची. दहा माणसे, एक पोथी आणि दफनभूमी झाली की हिशेब आला, आणि हिशेब आला की अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस. आपल्याकडच्या बेने इस्राएलांत हीच कामे मुकादम आणि चौगुला करत. पैसा उभा करायचे मार्ग ठरलेले: बसण्याच्या जागांचे वार्षिक भाडे, तोरावाचनाला बोलावण्याच्या मानासाठी दिलेली देणगी, आणि नियम मोडल्याबद्दल दंड.

भांडणे इथेच लागतात. कोणता मान कुणाला, कुणाच्या घरी प्रार्थना, कैद्याला पुढे बसवायचे का. सिडनीत कोहेन यांच्या घरी जमणारे आणि वेगळी खोली घेऊन जमणारे असे दोन तट पडले होते. एवढ्याशा समाजात दोन तट म्हणजे दोन्हीकडे मिन्यान अपुरे. लेव्ही यांनी त्यांना एकत्र आणल्यावर १८३२ मध्ये रीतसर मंडळी स्थापन झाली आणि जोसेफ बॅरो मॉन्टेफिओरी अध्यक्ष झाले. बाहेरून आलेल्या, कुणाचाही मिंधा नसलेल्या माणसाकडून तंटा सोडवून घेणे हा उपाय पुढे इतर वसाहतींनीही केला.

सरकारी मदतीवर विसंबणे ही आणखी एक चूक. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या वसाहतीत, १८३६ चा चर्च कायदा आला, त्यात देवळे बांधायला आणि धर्मोपदेशकांच्या पगाराला सरकारी पैसा होता. पण तो ख्रिस्ती पंथांसाठी. ज्यूंना वाटा मिळायला १८५० चे दशक उजाडावे लागले.

आता कुठे इमारत. होबार्टला सरकारकडे जागा मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा ज्यूडा सॉलोमनने आपल्या ‘टेम्पल हाउस’ या घराच्या बागेतला तुकडा दिला. आराखडा जेम्स थॉम्सन या वास्तुकाराचा. तोही एकेकाळचा कैदीच. ९ ऑगस्ट १८४३ ला अध्यक्ष लुई नाथन यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि ४ जुलै १८४५ ला, शुक्रवारी, ऐन हिवाळ्यात वास्तू अर्पण झाली. मधल्या काळात लंडनला प्रमुख रब्बायच नव्हते: हर्शेल १८४२ मध्ये वारले आणि नेथन मार्कस अ‍ॅडलर १८४५ मध्ये गादीवर आले. परवानगी मागायला कुणी नसताना काम झाले, हे कदाचित बरेच झाले.

आपण होबार्टच्या आर्गाइल स्ट्रीटवर हे सिनेगॉग पाहिलेत तर चकित व्हाल. खाली रुंद, वर निमुळत्या होत जाणाऱ्या खिडक्या, कमळाच्या घाटाचे खांब. एखाद्या फॅरोच्या देवळासारखी इमारत. सिडनीचे १८४४ चे यॉर्क स्ट्रीट सिनेगॉग, टास्मानियातल्याच लॉन्सेस्टनचे १८४६ चे आणि अ‍ॅडलेडचे १८५० चे, ही सगळी याच इजिप्शियन धाटणीची. गॉथिक कमानी केल्या तर चर्च वाटेल, म्हणून ती शैली टाळली, आणि इजिप्शियन थाट तेव्हा युरोपात फॅशनमध्ये होता. इजिप्तमधून सुटल्याबद्दल दरवर्षी आठवडाभर सण करणाऱ्यांनी प्रार्थनेसाठी इजिप्तचेच देऊळ बांधावे, याची गंमत त्यांच्यापैकी कुणाला वाटली असेल का, असे माझ्या मनात येते.

धर्माच्या दृष्टीने इमारतीला फार थोडे लागते. पोथ्यांचे कपाट, त्यासमोर अखंड तेवणारा दिवा, वाचनासाठी उंच चौथरा, आणि सनातनी रीतीत स्त्रियांना वेगळी बसायची जागा. होबार्टला यात एक भर पडली: मागच्या बाजूची, पाठ नसलेली कठीण बाके, शिक्षा भोगत असलेल्या ज्यू कैद्यांसाठी. ती आजही तिथे आहेत. ज्याने जमीन दिली आणि ज्याने आराखडा काढला, ते दोघेही कधीकाळी त्याच बाकांच्या लायकीचे ठरले असते.

इमारतीच्या पायरीवरची चूक म्हणजे ती चढत्या आकड्यांवर बांधणे. समाज वाढतो आहे, उद्या दुप्पट होईल, असे धरून कर्ज काढायचे आणि मग उद्या यायचाच नाही. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोने सापडले आणि टास्मानियातली तरुण पोरे समुद्र ओलांडून निघून गेली. बॅलरॅटला १८६१ मध्ये सिनेगॉग उभे राहिले. पुढे न्यूझीलंडच्या ओटॅगोत सोने निघाले, तेव्हा डनेडिनला १८६२ मध्ये मंडळी आणि दोन वर्षांत सिनेगॉग झाले. तिकडे वाढले ते इकडून कमी झालेले. लॉन्सेस्टनचे सिनेगॉग १८७१ मध्ये बंद पडले. ते पुन्हा उघडले थेट दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, युरोपातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांमुळे.

याच्या उलट उदाहरण आपल्या दाराशी आहे. बेने इस्राएल कोकणात शतकानुशतके सिनेगॉगशिवाय राहिले. शनिवार, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी घरात जपली. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग, शआर हाराहमीम, १७९६ मध्ये झाले. ते सामाजी हसाजी दिवेकर या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने बांधले. हझान आणि शिक्षक यायचे ते कोचीनहून. त्यांच्याकडे मुली होत्या, घरे होती, एकमेकांत लग्ने होत होती. सिडनी-होबार्टच्या पहिल्या पिढीकडे नेमके तेच नव्हते.

शेवटची पायरी बहुतेक वर्णनांत येत नाही, पण तीही शिकावी लागते: आकडा परत दहाच्या खाली आला की काय करायचे. टास्मानियाने ते अनुभवले, आणि १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्या घरांमुळे अलिबाग-पेणच्या सिनेगॉगांनीही. अशा वेळी आधी दफनभूमीची व्यवस्था लावतात, कारण तिला वारस कायम लागतो. कुंपण, दगड आणि नोंदवही एखाद्या मोठ्या शहरातल्या मंडळींच्या नावे करतात. पोथ्या जिथे दहा माणसे जमतात तिथे वापरायला देतात. न वाचता कपाटात ठेवण्यापेक्षा ते बरे मानतात. अगदी खराब झालेली पोथी टाकत नाहीत, माणसासारखी पुरतात. इमारत विकायची वेळ आली तर आधी पोथ्या काढून न्यायच्या, मग सौदा. आणि होबार्टसारखे जे तग धरून राहतात, ते येणाऱ्या पाहुण्याला दारातच विचारतात की तुम्ही ज्यू आहात का, आणि शुक्रवारी संध्याकाळी गावात आहात का.